समुद्राकडे पाठ करून सागरसहल

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या महाराष्ट्रीय कुटुंबांत अलीकडे एक नवी हौस शिरली आहे. बढती मिळाली की पूर्वी सत्यनारायण होई, पुढे मोटार येऊ लागली. आता क्रूझचे तिकीट येते. ही हौस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. सरकारी क्वार्टरच्या खिडकीतून वर्षानुवर्षे समोरच्या गच्चीवरील टाकीखेरीज दुसरे पाणी ज्याने पाहिले नाही, त्याला एकदा समुद्रावर जावेसे वाटावे, यासारखी निरोगी इच्छा दुसरी नाही. माझी तक्रार हौसेविषयी नसून ती पुरविण्याची जी रीत आपल्याला शिकविली जात आहे तिच्याविषयी आहे.

याच मासिकाच्या गेल्या अंकात एका सन्मान्य लेखकांनी पहिल्या सागरसहलीची आखणी कशी करावी यासंबंधी विस्ताराने मार्गदर्शन केले. जहाजावर भोजनगृहे किती, पोहण्याचे तलाव किती, रात्री कोणते कार्यक्रम, मुलांना गुंतवून ठेवण्याची सोय काय, हे आधी पाहावे; मग खिशाचा अंदाज घ्यावा; आणि जहाज कोठे जाते हा प्रश्न अगदी अखेरीस विचारला तरी चालेल, कारण हल्ली जहाज हेच गन्तव्य स्थान असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लेख मोठ्या आपुलकीने लिहिलेला आहे आणि लेखकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तो वाचून माझ्या ओळखीच्या तीन-चार कुटुंबांनी त्याच क्रमाने चौकशी आरंभिली आहे, आणि तो क्रम मुळापासून उलटा आहे असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे गप्प राहणे मला प्रशस्त वाटत नाही.

जहाज हेच गन्तव्य स्थान, हे वाक्य लेखकांच्या पदरचे नव्हे. ते जहाज कंपन्यांचे जुने ब्रीद आहे, आणि त्यांनी ते का स्वीकारले हे त्यांच्याच जमाखर्चात दिसते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबिअन या दोन बलाढ्य अमेरिकन कंपन्यांचे २०२३ सालचे हिशेब पाहिले, तर उत्पन्नाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग तिकिटांतून नव्हे, तर प्रवाशाने जहाजावर चढल्यानंतर केलेल्या खर्चातून आलेला आहे. पेये, जुगार, दुकाने, छायाचित्रे, मालिश, बंदरावरच्या सहली. आता विचार करा. प्रवासी कठड्याशी उभा राहून तासभर पाणी पाहत बसला, तर कंपनीला काय मिळते? काहीही नाही. तोच माणूस आत वळला तर पदोपदी त्याचा खिसा उघडतो. तेव्हा माणसाला समुद्राकडून आत वळविणे हा या धंद्याचा केवळ दोष नसून तो त्याचा पाया आहे. २००९ साली निघालेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज' या जहाजापासून तर अशा केबिनी विकल्या जातात की ज्यांची बाल्कनी समुद्राकडे उघडतच नाही. ती जहाजाच्या पोटात लावलेल्या बागेकडे उघडते! २०२४ साली समुद्रात उतरलेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस मजली आहे, आणि साडेसात हजारांहून अधिक प्रवासी त्यावर मावतात. आपल्याकडचा एखादा तालुक्याचा गाव उचलून पाण्यावर ठेवावा असा हा प्रकार. त्यात राहणाऱ्याला आपण पाण्यावर आहोत याची आठवण राहिली तर ती कंपनीची हयगयच समजावी लागेल.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट. आपल्या मुंबई-गोव्याच्या सहलीला ती कशाला लावता? तर त्याच सहलीचा हिशेब मांडू. पहिल्या क्रूझचा विचार करणारे आपले पुष्कळ लोक याच मार्गाने जातात. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मोठे जहाज ताशी पंधरा ते वीस सागरी मैल सहज तोडते. म्हणजे सारा प्रवास अकरा ते पंधरा तासांचा. सायंकाळी मुंबई सोडलेले जहाज खांदेरीच्या आसपास येते तोच हिवाळ्यातला दिवस मावळतो. सुवर्णदुर्ग अंधारात जातो. रत्नागिरी अंधारात जाते. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जहाजाच्या भोजनगृहातील दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीपासून पहाटेच्या साखरझोपेपर्यंतच्या वेळात मागे पडतात. उजाडते तेव्हा कोकण बहुतेक संपलेले असते. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविले. ज्या मार्गावर हे चार एकामागून एक येतात, त्या मार्गावरून आपण हजारो रुपये भरून जातो आणि त्या वेळी चित्रपटगीतांवर नाचत असतो. जहाजही किनाऱ्यापासून बरेच दूर चालते हे खरे. तरी पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज अठरा किलोमीटरवर असते, आणि त्यापलीकडचा सह्याद्री उंच असल्यामुळे थंडीच्या स्वच्छ दिवशी निळसर रेघेसारखा दिसू शकतो. पण त्याला दिवस हवा. रात्री कोणता सह्याद्री दिसणार?

दिल्ली, लखनौ, जबलपूर, पाटणा अशा ठिकाणी वाढणाऱ्या आपल्या मुलांचा विचार करता मला ही गोष्ट विशेष बोचते. त्यांना शिवाजी महाराजांचे आरमार पुस्तकातल्या दोन परिच्छेदांपुरते ठाऊक असते. समुद्रातून किल्ला कसा दिसतो, खाडीचे मुख कसे असते, भरतीच्या वेळी मचवा आत कसा शिरतो, हे त्यांनी पाहिलेले नसते. घरात मराठी बोलण्याचा आग्रह आपण धरतो, गणेशोत्सवात त्यांच्याकडून नाटुकली बसवून घेतो, आणि ती भाषा ज्या किनाऱ्यावर बोलली जाते तो किनारा दाखविण्याची संधी मिळाली म्हणजे त्यांना खेळघरात बसवून पाळणाघराच्या बाईंच्या हवाली करतो. सन्मान्य लेखकांनी हे खेळघर सोयींच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर घातले आहे.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे कोठेही न जाणारी सहल. शुक्रवारी निघावे, किनाऱ्यापासून दूर जाऊन घिरट्या घालाव्यात आणि रविवारी त्याच धक्क्यावर उतरावे. एकही बंदर नाही. लेखकांच्या सिद्धान्ताप्रमाणे ही सर्वोत्तम सहल ठरली पाहिजे, कारण येथे जहाजावाचून दुसरे गन्तव्य स्थानच उरत नाही. वस्तुतः पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच सहल आधी टाळावी.

लेखातील आणखी एका विधानाचा समाचार घेणे अवश्य आहे. आपला पांढरपेशा नोकरदार वर्ग या कंपन्यांमुळे प्रथमच समुद्रावर गेला, असे त्यांनी लिहिले आहे. हे वाचून मी थक्क झालो. गोपाळराव जोशी हे कोण होते? टपाल खात्यातले नोकर. बदल्यांच्या पायी अलिबाग, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे फिरलेले, म्हणजे या मासिकाच्या वर्गणीदारांचे पूर्वजच. त्यांची पत्नी आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि जूनच्या आरंभी न्यू यॉर्कला पोचली. तिला अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. त्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभे राहून आपण समुद्र ओलांडून का जात आहोत हे तिने सांगितले होते. परदेशगमन हे पातक मानणाऱ्या समाजाला एका कारकुनाच्या बायकोने दिलेले ते उत्तर होते. आणि कोकणातला माणूस? त्याला तर मुंबईचा रस्ता म्हणजेच बोट होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत ती जाई. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट बाहेर नांगरून राही, पडाव तिला येऊन लागे आणि लुगड्याचा काष्टा सावरीत, बोचकी-बासने आणि पोरे सांभाळीत बायामाणसे हेलकावणाऱ्या पडावात उतरत. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत तेव्हापासूनचा आहे. कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकातून तो आलेला नाही.

जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट खडकाळ कासा बेटाजवळ भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांत आजही आषाढातील समुद्राचे नाव काढत नाहीत. ती बोटसेवा कष्टाची होती, गर्दीची होती, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याआधीच ती बंद पडली होती. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली तेव्हा अनेकांना आनंद झाला. तीही दोन वर्षांत थांबली. मुंबईत बॅलार्ड पिअरजवळ २०२५ मध्ये मोठे क्रूझ टर्मिनल उघडले गेले ही चांगलीच गोष्ट आहे. मी जहाजांच्या विरुद्ध नाही, सुखसोयींच्या विरुद्ध नाही. स्वच्छ पलंग आणि गरम पाणी मिळाल्याने समुद्र काही कमी खारट होत नाही. मी इतकेच म्हणतो की समुद्रप्रवास निवडताना आधी समुद्र निवडावा.

आता पैशांकडे वळू, कारण आपल्यासारख्यांच्या घरी अखेर प्रश्न तेथेच येऊन ठेपतो. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा हा दोघांच्या केबिनमधील एका माणसाचा असतो. एकटा जाणारा दुप्पट नव्हे तरी दुपटीजवळ भरतो. त्या आकड्यावर कर येतो, बंदरशुल्क येते. परदेशी जहाज असेल तर नोकरचाकरांच्या बक्षिसीची रक्कम माणशी दररोज पंधरा-वीस डॉलर या हिशेबाने खात्यावर आपोआप चढते. बक्षीस हे खुशीने द्यायचे असते ही आपली कल्पना तेथे चालत नाही. पेये निराळी, इंटरनेट निराळे, बंदरावरची सहल निराळी, डॉक्टरची फी निराळी. शिवाय सन्मान्य लेखकांनी एक मोठी रक्कम अजिबात धरलेलीच नाही. ती म्हणजे आपल्या गावापासून बंदरापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च. मुंबईत राहणाऱ्याला ती नसते. या मासिकाच्या वाचकाला असते. आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्र शांत असण्याचे जे महिने, डिसेंबर आणि जानेवारी, तेच उत्तरेत धुक्याचे. गाडी दहा-दहा तास उशिरा धावते. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चुकलेल्या जहाजाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा उत्तरेकडून जाणाऱ्याने आदल्या दिवशी, शक्य तर दोन दिवस आधी, बंदराच्या शहरी पोचले पाहिजे; त्या मुक्कामाचाही खर्च धरा. चौघांच्या कुटुंबाची ही सारी बेरीज कागदावर मांडा आणि मग हाती पडणाऱ्या पगाराशी ताडून पाहा. तीन रात्रींसाठी ती रक्कम द्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ती बेरीज आधी झाली पाहिजे, कर्जाचा पहिला हप्ता कापला गेल्यावर नव्हे.

सिंगापूरहून निघणाऱ्या सहलींची तर आपल्याकडे फारच भुरळ. त्याविषयी थोडक्यात सांगतो. जहाज मलेशियाला किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरला येते, म्हणजे सिंगापुरात आपला प्रवेश दोनदा होतो. व्हिसा त्या हिशेबानेच काढावा लागतो. चेन्नईहून २०२३ साली श्रीलंकेकडे जाणाऱ्या सहली सुरू झाल्या, तेथेही पासपोर्ट आलाच. केंद्र सरकारच्या नोकराला खासगी परदेशप्रवासासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, हे काहींना तिकीट काढल्यावर आठवते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कोणत्या गतीने सरकते हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपणच तर ती सरकवतो.

मग पहिला समुद्रप्रवास कोणता करावा? माझे उत्तर अनेकांना रुचणार नाही. पण मी ते पूर्ण विचारान्ती देतो. सरकारी नोकराने आपली पहिली सागरसहल सरकारी प्रवासी जहाजाने करावी. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या बंदरांतून अंदमानला जहाजे जातात. कोचीहून लक्षद्वीपला जातात. अंदमानची वाट अडीच-तीन दिवसांची आहे. ज्याला खऱ्या अर्थाने समुद्र म्हणतात, म्हणजे चहूंकडे पाणी आणि त्याशिवाय काही नाही, तो या वाटेवर दोन दिवस सलग दिसतो. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम् झाले आहे. १९११ साली सावरकरांना मद्रासहून 'महाराजा' बोटीने तेथे नेले, ते याच उपसागरातून. सेल्युलर जेल पाहायला आपली माणसे झुंडीने जातात, पण विमानातून दोन-तीन तासांत उतरून. काळ्या पाण्याचे 'काळेपण' म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते पाणी पाहायला नको का?

आणि यात आपल्या खिशाची सोय आहे. चार वर्षांच्या गटात 'भारतात कोठेही' जाण्यासाठी मिळणारी एल. टी. सी. या जहाजांना लागू पडते. लेव्हल तीनपर्यंत बंक, चार व पाचला दुसऱ्या वर्गाची केबिन, सहा ते आठला पहिल्या वर्गाची, नऊ व त्यावर डिलक्स, अशी पात्रता ठरलेली आहे. शिवाय त्या निमित्ताने दहा दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे घेता येतात. खासगी कंपनीच्या क्रूझचे पॅकेज बिलाला जोडून पाहा, म्हणजे हिशेब शाखा ते किती वेगाने परत पाठवते ते कळेल. राहण्या-जेवणाचा खर्च एल. टी. सी. त कधीच बसत नाही. यावर कोणी म्हणेल, अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत आहे (२०२४ साली ती २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत वाढविली गेली), मग बोटीने कोण मरायला जाईल? त्याने जाताना विमानाने जावे आणि येताना बोटीने यावे. रजाही वाचते आणि समुद्रही घडतो.

लक्षद्वीपची वाट याहून लहान आहे. कोचीहून निघाले की रात्र सरता सरता बेट दिसू लागते. तेथील प्रशासनाची संस्था 'समुद्रम्' नावाची सहल वर्षानुवर्षे चालवीत आलेली आहे. तिच्यात रात्री जहाजावर झोपायचे आणि दिवस कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांवर घालवायचे. म्हणजे चाल रात्री आणि दर्शन दिवसा. मुंबई-गोव्याच्या सहलीतला दोष येथे गुण होतो, कारण रात्री जे मागे पडते ते केवळ पाणी असते. अनेक बेटांशी जहाज बाहेरच उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरावे लागते. कोकणातल्या पडावाची आठवण ज्यांच्या घरात आजीने सांगितलेली आहे त्यांना हे पाहून काय वाटेल ते मी लिहीत नाही. मोठ्या परदेशी क्रूझवरही काही बंदरांत हेच घडते, फक्त तेथे त्याला 'टेंडर' असे भारदस्त नाव आहे. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो, जागा थोड्या असतात, वेळापत्रक बदलते आणि पावसाळ्यात सहली बंद असतात. तेव्हा चौकशी महिनोन्‌महिने आधी करावी लागते. ज्याने मुलाच्या केंद्रीय विद्यालयातील प्रवेशासाठी धावपळ केली आहे त्याला ही धावपळ जड जाऊ नये.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सरकारी जहाजावरचे जेवण बेचव असते, संडास नेहमी स्वच्छ असतातच असे नाही, बंक वर्गात गर्दी आणि उकाडा असतो, निघण्याची तारीख ऐन वेळी पुढे जाते. हे सारे कमीअधिक खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय आहेत. घरून दशम्या, चटणी, लिंबाचे लोणचे न्यावे. एक वर्ग वरचा फरक भरून घ्यावा. रजा दोन-तीन दिवस सैल ठेवावी. उलट क्रूझवर समुद्र दिसत नाही यावर प्रवाशाच्या हाती कोणता उपाय आहे? आणखी एक गोष्ट. या जहाजांवर आपल्याबरोबर बेटांवरची माणसे असतात. मुख्य भूमीवर औषधोपचाराला आलेली, शिकायला आलेली, बाजार करून परतणारी. त्यांच्यासाठी जहाज ही करमणूक नसून रस्ता आहे. डेकवर त्यांच्याशी चार शब्द बोलल्याने मुलांना जे कळेल ते सोळा भोजनगृहे पाहून कळणार नाही.

एका ठिकाणी मात्र सन्मान्य लेखकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील, गुडघे गेलेले असतील, तर मोठे क्रूझ जहाज हीच त्यांच्यासाठी योग्य सोय. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, सामान एकदाच लावायचे, रोज हॉटेल बदलायचे नाही. ज्या आईने उभ्या आयुष्यात स्वतःच्या हातचे सोडून दुसऱ्याच्या हातचे आयते जेवण चार दिवस सलग खाल्ले नाही, तिला ते खाऊ घालण्यासाठी कोणी कर्ज काढले तरी मी त्याला बोल लावणार नाही. पण तेथेही तिची खुर्ची कठड्याशी मांडून द्यावी.

क्रूझच घ्यायची असे ज्यांचे ठरले आहे त्यांनी निदान प्रश्न योग्य क्रमाने विचारावेत. पहिला, जहाज कोणत्या बंदरांत किती वाजता पोचते आणि किती वाजता सुटते. तारखा नकोत, तास हवेत. त्यावरून दिवसाउजेडी काय दिसणार हे नकाशा पुढे घेऊन कोणालाही काढता येते. दुसरा, ऋतू. पश्चिम किनाऱ्याला नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो आणि हिवाळ्यात तो सर्वांत शांत असतो. बंगालच्या उपसागरात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे महिने, म्हणून अंदमानसाठी जानेवारी ते मार्च बरे. तिसरा, केबिन. जहाज मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर कमी हलते, दोन्ही टोकांना आणि उंचावर अधिक. ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याने आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची फेरी करून पाहावी. २०२० पासून तेथे मोटारी नेणारी मोठी बोट चालते, तासाभरात पोटाची परीक्षा होते आणि फार पैसेही जात नाहीत. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते म्हणून कित्येक जण ती घेतात. दिवसभर डेकवर राहण्याचा निश्चय असेल तर तीत काही गैर नाही. निश्चय नसेल तर ती अंधारकोठडीच.

आणि संकटकाळच्या कवायतीला हजर राहावे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कोर्डिया' खडकावर आदळून ३२ माणसे मेली. तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. चोवीस तासांच्या आत ती घेतली की पुरे, असा नियम होता. त्यानंतर जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच ती घेतली पाहिजे असा नियम झाला. आपली माणसे त्या वेळी केबिनमध्ये बॅगा लावीत बसतात किंवा पहिल्या भजीच्या ताटाशी उभी असतात. 'रामदास'ची आठवण असलेल्या लोकांनी तरी असे करू नये.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो आपले दलाल कधी सांगत नाहीत. मुंबईहून गोव्याकडे किंवा कोचीकडे जाताना किनारा डाव्या हाताला असतो, आणि परतताना उजव्या. म्हणजे एकेरी प्रवासात डाव्या बाजूची केबिन घेतलेल्याला सह्याद्री मिळण्याचा संभव असतो आणि उजव्या बाजूच्याला अरबस्तानाची दिशा मिळते. तिकीट काढताना खिडकीवरच्या माणसाला तेवढे विचारून पाहा. केबिन जहाजाच्या कोणत्या बाजूस आहे, असे. तो प्रथम तुमच्याकडे नीट पाहील. मग यादी उघडून सांगेल की दोन्ही बाजूंच्या केबिनींत टीव्ही सारख्याच मापाचा आहे.